ज्याने भिंतींवर फुलापानांची नक्षी आणली, त्याच्या घरातला पैसा विषाच्या खाणीतून येत होता

घर सजवण्याचे रील्स बघायची सवय असेल, तर ही नक्षी तुमच्या नजरेखालून नक्की गेलेली असणार. गडद निळ्या रंगावर वेली, पानं, फुलं आणि समोरासमोर बसलेले पक्षी. त्यातल्या काहींच्या चोचीत लालभडक स्ट्रॉबेरी. कधी ती उशीच्या अभ्र्यावर दिसते, कधी पडद्यावर, कधी कॅफेच्या भिंतीवर, तर कधी मोबाईलच्या कव्हरवर.

बघणाऱ्याला वाटतं, आत्ताच कुठल्यातरी डिझायनरने कॉम्प्युटरवर काढली असेल.

पण ही नक्षी १८८३ सालची आहे. नाव 'स्ट्रॉबेरी थीफ', म्हणजे स्ट्रॉबेरीचोर. काढणाऱ्याचं नाव विल्यम मॉरिस.

मॉरिस इंग्लंडचा नामवंत कवी होता, कारखानदार होता आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात भर चौकात भाषणं ठोकणारा समाजवादीही होता. पण जगाने त्याला लक्षात ठेवलं ते त्याच्या नक्षीसाठी. घरात नक्षी कशी वापरायची, छोट्या खोलीत मोठी फुलं चालतात का, छाप कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे लपवायचं कसं, या सगळ्याचा विचार दीडशे वर्षांपूर्वी या माणसाने करून ठेवला.

पण या सुंदर नक्षीच्या मागे एक कडू गोष्ट पण आहे. त्यासाठी सुरुवात त्याच्या वडलांपासून करावी लागते.

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ चा. गाव वॉल्थमस्टो, तेव्हा लंडनच्या बाहेरचं हिरवंगार खेडं. वडील लंडनच्या बाजारात दलालीचा धंदा करायचे. १८४० च्या दशकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात तांब्याची एक खाण सुरू झाली, तिचे २७२ शेअर्स त्यांच्याकडे आले. पुढे त्या जागेत तांब्याचं घबाड सापडलं. शेअरची किंमत आभाळाला भिडली आणि मॉरिस कुटुंब गडगंज झालं. या खाणीचं नाव डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पोरगं मात्र पैशापेक्षा झाडांत रमणारं. जवळच एपिंगचं जंगल होतं. घोड्याच्या शिंगरावर बसायचं आणि दिवसभर त्या जंगलात भटकायचं, हा त्याचा उद्योग. पुढे त्याच्या वॉलपेपरवर जी पानं दिसली ती कुठल्या पुस्तकातून उचललेली नव्हती, ती त्याने जवळून बघितलेली होती.

१८५१ साली लंडनमध्ये जगातलं सगळ्यात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. अख्खं लंडन बघायला लोटलं. मॉरिस तेव्हा १७ वर्षांचा. असं सांगतात की तो घरच्यांसोबत दारापर्यंत गेला आणि आत यायला त्याने साफ नकार दिला. यंत्रावर भराभर काढलेल्या, नक्षीने नुसत्या बरबटलेल्या वस्तूंची त्याला तेव्हापासूनच चीड होती.

१८५३ मध्ये तो ऑक्सफर्डला शिकायला गेला. घरच्यांना वाटत होतं पोरगं धर्मोपदेशक होईल. पण तिथे त्याला एडवर्ड बर्न-जोन्स नावाचा दोस्त भेटला आणि दोघांनीही ठरवलं, चर्च नको, कला करायची. मॉरिसचे केस कुरळे आणि दाट. दोस्तांनी त्याचं नाव पाडलं 'टॉप्सी'.

असा निर्णय घ्यायला हिंमत लागते, पण खिशात पैसेही लागतात. १८५५ मध्ये मॉरिस २१ वर्षांचा झाला आणि खाणीच्या शेअर्समधून त्याला वर्षाला ९०० पौंड मिळायला लागले. नोकरी न करता आरामात जगता येईल एवढी ही रक्कम होती. आधी तो एका आर्किटेक्टच्या ऑफिसात शिकायला गेला, मग चित्रकला करून बघितली. शेवटी ज्या गोष्टीने त्याला वाट दाखवली ती होती स्वतःचं घर.

झालं असं की १८५९ मध्ये त्याने जेन बर्डनशी लग्न केलं. ती ऑक्सफर्डमधल्या एका घोड्याच्या मोतद्दाराची मुलगी. दोघांसाठी फिलिप वेब या आर्किटेक्ट मित्राने लंडनजवळ लाल विटांचं घर बांधलं, नाव 'रेड हाऊस'. १८६० मध्ये नवरा-बायको राहायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की या घरात ठेवावं असं बाजारात काहीच मिळत नाही. फर्निचर भडक, पडदे भडक. भिंतीवर लावायच्या कागदावर तर एवढे खरे वाटणारे गुलाब छापलेले की भिंत आहे की कुंडी तेच कळू नये.

मग सगळ्यांनी मिळून घर स्वतःच सजवायला घेतलं. वेबने टेबलं काढली, बर्न-जोन्सने भिंती रंगवल्या, जेनने मॉरिससोबत निळ्या कापडावर डेझीच्या फुलांचं भरतकाम केलं. गावात एखाद्याचं घर उभं राहताना चार मित्र मदतीला येतात, तसाच हा प्रकार.

यातूनच धंदा सुचला. एप्रिल १८६१ मध्ये मित्रांनी मिळून कंपनी काढली, मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी. रंगीत काचा, फर्निचर, भरतकाम, टाइल्स, घराला लागेल ते सगळं.

१८६२ मध्ये मॉरिसने वॉलपेपरची पहिली नक्षी काढली, नाव 'ट्रेलिस'. रेड हाऊसच्या बागेत गुलाबाचे वेल चढवायला लाकडी जाळी उभी केली होती, तीच जाळी, तेच गुलाब. मॉरिसला पक्षी नीट जमेनात म्हणून पक्षी वेबने काढून दिले. छपाई मॉरिसने आधी जस्ताच्या पत्र्यांवर करून बघितली, ती फसली. शेवटी त्याने काम जेफ्री अँड कंपनी या छापखान्याला दिलं. तिथे लाकडी ठशांनी हाताने छपाई व्हायची, आपल्याकडे चिटाचं कापड छापतात तशी. एका रंगाला निदान एक ठसा. १८७५ मध्ये आलेल्या त्याच्या 'अकँथस' या नक्षीला १५ रंग आणि ३० ठसे लागायचे.

आता मॉरिसच्या नक्षीत असं वेगळं काय होतं?

पहिली गोष्ट, भिंत सपाट आहे हे तो विसरत नव्हता. त्याची फुलं खरी वाटतात, पण ती भिंतीतून बाहेर आल्यासारखी दिसत नाहीत. पानाफुलांची आठवण यावी, पण डोळ्यांची फसवणूक होऊ नये, हा त्याचा हिशोब.

दुसरी गोष्ट, सांगाडा. वॉलपेपर म्हणजे एकच चौकोन पुन्हा पुन्हा छापायचा. साध्या कामात तो चौकोन लगेच पकडला जातो आणि मग डोळा भिंतीवर फुलं मोजत बसतो. मॉरिस आधी वेलीची वळणं पक्की करायचा. अनेक नक्ष्यांत शेजारचा छाप अर्ध्याने खाली सरकवायचा, भिंतीत विटा रचताना सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत तसं. मोठ्या वेलीच्या मागे बारीक पानांचा दुसरा थर भरायचा. त्यामुळे जोड कुठे आहे ते सापडत नाही आणि नजर वेलीबरोबर फिरत राहते.

तिसरी गोष्ट आजही लोकांना चक्रावते. सगळ्यांना वाटतं छोट्या खोलीला छोटी नक्षी लावावी. मॉरिसच्या कंपनीचा सल्ला बरोबर उलटा होता. मोठ्या नक्षीला घाबरायचं कारण नाही, ती नीट काढलेली असेल तर बारीक ठिपक्यांपेक्षा डोळ्याला जास्त शांत वाटते. अगदी लहान खोलीतसुद्धा ती शोभते. डोळ्याला टोचते ती नक्षीची साईज नाही, तर पार्श्वभूमी आणि नक्षीच्या रंगातली आदळआपट.

पण याचा अर्थ सगळीकडे नक्षीच नक्षी असा नाही. साधी चुना दिलेली पांढरी भिंत मॉरिसला मनापासून आवडायची. १८८० मध्ये बर्मिंगहॅमच्या एका व्याख्यानात त्याने लोकांना सांगितलं की घरात ठेवायची वस्तू एकतर उपयोगाची हवी, नाहीतर मनाला सुंदर वाटणारी हवी, बाकीची अडगळ नको. वॉलपेपर तर त्याच्या लेखी तडजोड होती. भिंतीवर खरं शोभतं ते विणलेलं कापड, ते परवडत नाही म्हणून कागद. आणि अशी तडजोड वाटणाऱ्या वस्तूच्या जवळपास ५० नक्ष्या त्याने स्वतः काढल्या.

धंदा वाढत गेला. १८६६ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातल्या खोल्या सजवायचं काम मिळालं. साऊथ केन्सिंग्टन म्युझियमची जेवणाची खोलीही याच कंपनीने सजवली. आज ते म्युझियम व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नावाने ओळखलं जातं आणि ती खोली अजून बघता येते.

घरात मात्र सगळं आलबेल नव्हतं. खाणीतून येणारा पैसा आटायला लागला, म्हणून १८६५ मध्ये रेड हाऊस विकावं लागलं. जेन आणि कंपनीतला भागीदार, चित्रकार रोझेटी हे एकमेकांच्या प्रेमात होते. १८७१ मध्ये मॉरिस आणि रोझेटीने मिळून केल्म्स्कॉट गावातलं जुनं घर भाड्याने घेतलं आणि मॉरिस स्वतः आइसलँडच्या प्रवासाला निघून गेला. या सगळ्यावर त्याने जाहीर तमाशा केला नाही. १८७५ मध्ये भागीदारी मोडली आणि कंपनी एकट्या मॉरिसची झाली, मॉरिस अँड कंपनी.

आता तो रंगांच्या मागे लागला. तेव्हा बाजारात नवे रासायनिक रंग आले होते. भडक, स्वस्त, पण लवकर विटणारे. मॉरिसला जुने वनस्पतींचे रंग हवे होते. स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डल नावाचा रंगारी होता, त्याच्या कारखान्यात तो शिकायला गेला. मालक माणूस, पण बाह्या वर करून नीळीच्या पिंपात हात घालायचा. कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊनच हिंडायचा.

१८८१ मध्ये त्याने लंडनजवळ मर्टन ॲबी इथे वँडल नदीकाठी स्वतःचा कारखाना टाकला आणि सुरुवातीला सांगितलेली 'स्ट्रॉबेरी थीफ' नक्षी इथेच कापडावर उतरली. केल्म्स्कॉटच्या परसात थ्रश पक्षी यायचे आणि जाळीखालून स्ट्रॉबेरी पळवायचे. मॉरिसने त्या चोरांनाच पडद्यावर बसवलं.

पण ती छापणं म्हणजे दिव्य होतं. आधी अख्खं कापड नीळीत बुडवून गडद निळं करायचं. मग जिथे नक्षी हवी तिथे ठशाने रंग उडवणारं रसायन लावायचं, म्हणजे तेवढा भाग पांढरा होतो. मग त्यावर मॅडरच्या मुळांचा लाल रंग, हे झाड आपल्या मंजिष्ठेच्या भावकीतलं. मग वेल्ड या झाडाचा पिवळा. प्रत्येक वेळी कापड धुवायचं, वाळवायचं. एक कापड पुरं व्हायला दिवसच्या दिवस लागायचे. साहजिकच किंमतही तशीच.

या पूर्वेकडच्या कलेचा मॉरिसवर मोठा प्रभाव होता. पर्शियाचे गालिचे आणि भारतातली कापडं तो म्युझियममध्ये तासन् तास बघायचा. मुंबईशीही त्याचं लांबून नातं होतं. बर्न-जोन्सच्या बायकोची बहीण ॲलिस, तिचा नवरा जॉन लॉकवूड किपलिंग. हा माणूस १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला. त्याच वर्षी मुंबईत त्याला मुलगा झाला, 'जंगल बुक' लिहिणारा रुडयार्ड किपलिंग. हा रुडयार्ड लहानपणी लंडनला मावशीकडे जायचा, तिथे येणारा मॉरिस त्याचा 'टॉप्सी काका' होता.

भारताबद्दल मॉरिसने नुसती हळहळ व्यक्त केली नाही, तर थेट आपल्या सरकारला जाब विचारला. १८७९ च्या एका व्याख्यानात त्याने सांगितलं की इंग्रजांच्या सत्तेने आणि व्यापाराने भारतातली कारागिरी मारून टाकली आहे. तुरुंगात कैद्यांकडून स्वस्तात गालिचे विणून घेऊन खुद्द सरकारच खऱ्या विणकरांच्या पोटावर पाय देतंय, हाही त्याचा आरोप होता.

आता परत त्या खाणीकडे.

डेव्हन ग्रेट कॉन्सोल्समधलं तांबं संपत आलं, तेव्हा मालकांच्या लक्षात आलं की तांब्याच्या धातुकात आर्सेनिक भरपूर आहे. आर्सेनिक म्हणजे सोमलातलं विष. खाणीने तेच विकायला सुरुवात केली आणि ती जगातल्या सगळ्यात मोठ्या आर्सेनिक उत्पादकांपैकी एक झाली. ज्या काळात हा धंदा जोरात होता त्याच काळात, १८७१ पासून काही वर्षं, विल्यम मॉरिस या कंपनीच्या संचालक मंडळावर होता. तिथल्या मजुरांना आर्सेनिकची काजळी हाताने खरवडावी लागायची. नाकात कापूस कोंबून, अंगाला माती फासून ते काम करायचे.

हे आर्सेनिक जायचं कुठे? त्याचा एक मोठा उपयोग होता हिरवा रंग. तांबं आणि आर्सेनिकपासून झकास हिरवा रंग तयार व्हायचा आणि तो सर्रास वॉलपेपरवर लागायचा. या रंगाचा भुगा घरात उडायचा. ओलसर भिंतीवर बुरशी धरली की त्यातून विषारी वायू निघतो अशीही शंका होती. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाऊस भागात एका घरातली मुलं एकामागून एक दगावली, तेव्हा संशयाची सुई हिरव्या वॉलपेपरवरच गेली. डॉक्टर ओरडत होते, पेपरवाले लिहीत होते, पण ब्रिटनमध्ये वॉलपेपरमधल्या आर्सेनिकवर बंदी घालणारा कायदा कधीच झाला नाही.

मॉरिसच्या वॉलपेपरमध्ये हे विष होतं का?

होतं. २००३ मध्ये ॲबर्डीन विद्यापीठाच्या अँड्र्यू मेहार्ग या शास्त्रज्ञाने 'ट्रेलिस'चा जुना तुकडा तपासला. त्यातल्या हिरव्या रंगात तांबं आणि आर्सेनिक सापडलं.

पुढे गिऱ्हाईकच बिनविषारी कागद मागायला लागलं, तेव्हा छापखान्यांनी रंग बदलले. मॉरिसचा कागदही सुधारला. पण त्याला स्वतःला हे पटलं होतं असं दिसत नाही. १८८५ मध्ये वॉर्डलला लिहिलेल्या पत्रात त्याने आर्सेनिकच्या भीतीला डॉक्टरांचं खूळ म्हणून उडवून लावलं. कारागिराच्या हक्कासाठी भांडणारा माणूस स्वतःच्या भिंतीवरच्या आणि स्वतःच्या खाणीतल्या विषाकडे मात्र डोळेझाक करत होता.

खाणीशी संबंध त्याने १८७० च्या दशकातच तोडला होता. असं सांगतात की संचालकपद सोडल्यावर तो घरी आला आणि मीटिंगला घालायच्या उंच टोपीवर मुद्दाम बसला. परत तशी टोपी विकत घेतली नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र त्याला आतून कुरतडत होती. सुंदर घर प्रत्येकाच्या वाट्याला यावं हे त्याचं स्वप्न. पण हाताने, नैसर्गिक रंगात, सावकाश केलेलं काम महागच असणार. त्याच्याकडे येणारी गिऱ्हाईकं म्हणजे श्रीमंत लोक. लोखंडाचा मोठा कारखानदार लोथियन बेल याचं घर सजवताना मॉरिस येरझाऱ्या घालत चिडून बोलत होता, अशी एक आठवण सांगितली जाते. बेलने विचारलं काय झालं, तर मॉरिस त्याच्यावरच उखडला, आपलं आयुष्य श्रीमंतांचे चोचले पुरवण्यात चाललंय म्हणून.

१८८३ मध्ये, म्हणजे 'स्ट्रॉबेरी थीफ' आली त्याच वर्षी, मॉरिस समाजवादी पक्षात गेला. चळवळीला पैसे हवेत म्हणून आपली दुर्मिळ पुस्तकं विकली. पावसापाण्यात रस्त्यावर भाषणं दिली. १८८५ मध्ये कोर्टात गोंधळ घातल्याच्या आरोपाखाली पकडला गेला आणि लगेच सुटला. १८८७ मध्ये ट्रॅफल्गार चौकात पोलिसांनी मोर्चा झोडपला, त्या मोर्चातही तो होता. कारखाना मात्र बंद केला नाही. एकट्याने मजुरांना नफा वाटून व्यवस्था बदलणार नाही, अख्खी व्यवस्थाच बदलायला हवी, असा त्याचा युक्तिवाद होता. विरोधकांना तो पटला नाही, आजही अनेकांना पटत नाही.

कंपनीचा भरतकाम विभाग १८८५ पासून त्याची मुलगी मे मॉरिस सांभाळायला लागली. वय २३. 'हनीसकल' हा गाजलेला वॉलपेपर तिनेच काढलेला, पण बरीच वर्षं लोक तो बापाच्याच खात्यावर धरत होते.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी मॉरिस गेला. वय ६२. दहा माणसांचं काम एकट्याने केलं म्हणून गेला, असा एका डॉक्टरचा निष्कर्ष होता. केल्म्स्कॉटला त्याचा शेवटचा प्रवास शेतातल्या साध्या गाडीतून झाला. गाडीला वेली आणि विलोच्या डहाळ्या लावल्या होत्या. त्याच विलोच्या, ज्या त्याने वॉलपेपरवर काढल्या होत्या.

१९४० मध्ये मॉरिस अँड कंपनी बंद पडली आणि वॉलपेपरचे ठसे सँडरसन कंपनीने घेतले. मॉरिसने काढलेल्या नक्ष्यांवरचा कॉपीराइट कधीच संपलाय. कोणीही, कशावरही त्या छापू शकतो. म्हणून आज 'स्ट्रॉबेरी थीफ' काहीशे रुपयांच्या अभ्र्यावर मिळते.

म्हणजे प्रत्येकाच्या घरात सुंदर नक्षी हे मॉरिसचं स्वप्न खरं झालं, पण ज्याच्यावर त्याचा राग होता त्या यंत्रामुळे. मॉरिसने आयुष्यभर लोकांना एक प्रश्न विचारला, ही वस्तू कोणी बनवली, कशापासून बनवली आणि बनवताना त्या माणसाचं काय झालं? स्वतःच्या हिरव्या रंगाला तो प्रश्न विचारायचं तेवढं त्याच्याकडून राहून गेलं. पुढच्या वेळी पडदे निवडायला दुकानात गेलात, तर नक्षीच्या साईजसोबत तेवढा एक प्रश्न विचारून बघा.